थंडीतच जमीन तयार करायची आहे, पाडव्याआधी काय काय करू? (नेरूळ, घरामागची १० बाय १४ फूट जागा)

अबोली_नेरूळ – १० डिसेंबर

नमस्कार मंडळी. बागकामाचे धागे बरीच वर्षं नुसते वाचत आले, स्वतः धागा पहिल्यांदाच काढतेय.

नेरूळला सिडकोच्या जुन्या रो हाउसच्या मागे आमची दहा बाय चौदा फुटांची जागा आहे. सासूबाई होत्या तोवर तिथे अळू, कढीपत्ता आणि एक पपई असायची. नंतर घराची दुरुस्ती निघाली. विटा, लाद्यांचे तुकडे, सिमेंट सगळं मागे पडलं. काही उचललं, काही मातीतच गेलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हुरूप आला आणि भेंडी, गवार, काकडी पेरली. भेंडी चार पानांवर थांबली ती थांबलीच. पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या. काकडीचा एक वेल हातभर वाढून बसला. एप्रिलमध्ये मातीवर पांढरा पापुद्रा दिसायला लागला. रोज सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालत होते, खतही दिलं होतं. खूप वाईट वाटलं. त्याच कोपऱ्यात सासूबाईंचं अळू कमरेएवढं व्हायचं.

यंदा घाई करायची नाही असं ठरवलंय. पाडव्याला लागवड करायची तर आत्ता थंडीत काय काय करून ठेवू? पापुद्रा कशाचा असेल? सगळी माती काढून नवी लाल माती भरावी का?

घोडबंदरकर – १० डिसेंबर

चांगला धागा, वाचतोय. आमची चौदाव्या मजल्यावरची बाल्कनी आहे, तिचेही प्रश्न आहेत, नंतर विचारतो.

रानजाई – १० डिसेंबर

अबोलीताई, डिसेंबरात विचारलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फेब्रुवारीच्या शेवटी बी हातात घेऊन विचारतात, तेव्हा मातीसाठी काही करायला वेळच उरलेला नसतो.

आधी एक सांगते, पाडव्यावर अडून राहू नका. आपल्याकडे वसंतातली लागवड म्हणजे खरं तर उन्हाळी भाजीपाला, आणि कोकणपट्टीत तो संक्रांतीनंतर, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर पेरायचा. भेंडी पेरल्यापासून साधारण ४५ ते ५० दिवसांत तोडायला येते. पाडव्याला पेरलीत तर ऐन मे महिन्याच्या झळांत फुलं येतील आणि जूनच्या पावसाने झाडं झोपतील. म्हणजे हातात दीड महिनाच आहे. खत आजच रचायला घ्या.

ठाण्या-नवी मुंबईत आता बदामाची पानं लाल होऊन गळायला लागतात, मग पर्जन्यवृक्षाची गळतात. हा फुकटचा माल आहे. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच एवढा ढीग हवा, त्याहून लहान ढीग आतून तापत नाही. स्वयंपाकघरातला ओला कचरा एक घमेलं, तर सुकी पानं दोन ते तीन घमेली. बदामाचं पान जाड, चिवट असतं. ते तसंच घातलंत तर एकावर एक चिकटून चामड्यासारखे थर होतात आणि आत हवा जात नाही. गोणपाटावर पसरून पायाने चुरा, नाहीतर कात्रीने कापा. मूठभर शेण किंवा जुनं कंपोस्ट विरजण म्हणून घाला. थंडीत आपल्याकडे हवा कोरडी असते, ढीग बाहेरून सुकतो, म्हणून वर गोणपाट भिजवून टाका. मूठभर माल पिळला की हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. आठवड्याने खालीवर करा. दोन ते तीन महिन्यांत तयार होतं.

पापुद्र्याचं मला नीट सांगता येणार नाही. खाजण दादा बघतीलच.

पिकलं_पान – ११ डिसेंबर

माझं मत, सगळं खोदून दोन फूट माती काढा आणि लाल मातीचा टेम्पो मागवा. मी तसंच केलं होतं, पहिल्या वर्षी सगळं छान आलं.

खाजण – ११ डिसेंबर

अबोलीताई, तुमचा धागा वाचून बाबांची आठवण आली. १९७० साली सिडको झाली, जमिनी गेल्या. त्याआधी आमची घणसोलीकडे खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भातशेती होती. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध आणि बांधाला उघाडी. ओहोटीला उघाडीतून शेतातलं पाणी बाहेर जायचं, भरतीला झडप मिटायची. पावसाने जमिनीतला खार धुतला की भात लावायचा. पनवेलला खार जमिनीचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या 'पनवेल १', 'पनवेल २', 'पनवेल ३' या भाताच्या जाती खाऱ्या जमिनीसाठीच काढलेल्या आहेत. हे सांगायचं कारण, खार हा आपल्या मातीचा जुना सोबती आहे, त्याला घाबरून माती टाकून द्यायची गरज नाही.

पांढरा पापुद्रा बहुतेक क्षारांचाच. जमिनीतलं पाणी उन्हाने वर ओढलं जातं, वाफ होऊन उडून जातं आणि त्यात विरघळलेला खार वरच राहतो. आता पाऊस थांबलाय, म्हणजे मेपर्यंत हे चालूच राहणार. उघडी, मोकळी, तापलेली जमीन असेल तर सगळ्यात जास्त. म्हणून पहिलं काम, उद्याच्या उद्या त्या जागेवर पानांचा वीतभर थर पसरा. एवढ्यानेही फरक पडतो.

दुसरं, पाण्याचा निचरा तपासा. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा आणि पूर्ण मुरू द्या. मग परत भरा आणि दुसऱ्या वेळेला तासाभरात किती बोटं उतरतं ते मोजा. इंचभरही उतरलं नाही तर खाली दाबलेला भराव आहे. मग खार धुऊन जायला वाटच नाही, वरून काहीही घाला.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही पाणी कुठलं घालता? नळाचं की बोअरचं?

अबोली_नेरूळ – ११ डिसेंबर

दादा, बोअरचं! मागे मोटर आहे, तिलाच पाइप लावलाय. नळाचं पाणी झाडांना घालायला जीव होत नाही. भांडी घासायलाही बोअरचंच वापरतो, भांड्यांवर पांढरे डाग राहतात खरे. हे आधी डोक्यातच आलं नाही.

खाजण – ११ डिसेंबर

मग मोजून घ्या. पाण्याचा फिल्टर साफ करायला येतात त्यांच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र असतं. आकडा लिटरला २००० मिलिग्रॅमच्या वर असला तर बहुतेक भाज्यांना ते पाणी सोसत नाही. फरसबी तर त्याच्या कितीतरी आधी मान टाकते. रोज थोडं थोडं खारं पाणी घालणं म्हणजे रोज चिमूटभर मीठ घालण्यासारखंच आहे.

पिकलं_पान काका, लाल मातीबद्दल मनापासून एक विनंती. ती माती कुठल्यातरी डोंगराचा उतार खरवडूनच येते. लागेल तेवढी घ्या, पण टेम्पो टेम्पो नको. शिवाय पाणी तेच राहिलं तर नवी मातीही दोन वर्षांत तशीच होईल.

पिकलं_पान – ११ डिसेंबर

हे खरं आहे. माझीही तिसऱ्या वर्षी घट्ट झाली होती. मागे लागलो नाही, कुंड्यांकडे वळलो. डोंगराचा विचार केला नव्हता.

अबोली_नेरूळ – १४ डिसेंबर

मोजलं. बोअरचं २१४०, नळाचं ८५. आकडा बघून तिथेच खाली बसले. गेल्या वर्षी रोज दोनदा मायेने जे घालत होते, त्यानेच रोपं मेली.

खड्डाही केला. सहा इंचांवर कुदळ खणकन वाजायला लागली, पहारीने फोडलं. मुरूम, विटांचे तुकडे, एक अख्खी कौलाची नळीही निघाली. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाभरात अर्धा इंच उतरलं, म्हणजे निचरा नाहीच.

आता नळाचं पाणी एवढं वापरायचं म्हणजे मनाला पटत नाही. काय करावं?

रानजाई – १४ डिसेंबर

नाराज होऊ नका, तुम्हाला कारण सापडलं हे केवढं मोठं आहे! तुमच्या नळाला येणारं मोरबे धरणाचं पाणी गोडं, झाडांना फार चांगलं. तांदूळ-डाळी धुतल्याचं, भाज्या धुतल्याचं पाणी बादलीत जमवा. चार माणसांच्या घरात दिवसाला आठ-दहा लिटर सहज निघतं. जमिनीवर जाड आच्छादन असेल तर एका वाफ्याला एवढं आणि वर बादलीभर नळाचं, दिवसाआड, पुरतं.

निचरा नसेल तर खाली खणत बसू नका, वर या. उंच वाफा करा. आणि या वर्षी एकच करा, ही माझी कळकळीची सूचना. चार फूट रुंद, बारा फूट लांब, नऊ इंच उंच वाफा म्हणजे ३६ घनफूट माल. पन्नास लिटरच्या साधारण वीस गोण्या. दोन वाफे म्हणजे चाळीस. एवढा माल दीड महिन्यात उभा राहत नाही, मग माणूस डेब्रिजची माती घालून वेळ मारून नेतो.

चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. खालचा मुरूम पहारीने नुसता सैल करा, उलटापालटा करू नका. त्यावर नारळाची सोडणं उताणी मांडा, मग पानं, मग माती आणि कंपोस्ट निम्मं निम्मं. बसून बसून तीनेक इंच खाली जाईल, तेवढं आधीच चढतं भरा.

मृगाचा_किडा – १५ डिसेंबर

क्षार आहेत तर जिप्सम टाकायचं ना? आणि चुलीची राख?

खाजण – १५ डिसेंबर

जिप्सम चोपण जमिनीला उपयोगी पडतं, जिथे सोडियममुळे चिकणमातीचा कण न् कण सुटा होऊन माती लिंपल्यासारखी होते. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवतं. पण हटवलेलं सोडियम धुऊन बाहेर जायला निचरा आणि गोडं पाणी लागतं. ताईंकडे निचराच नाही, तर तो आणखी एक क्षारच वाढेल. राख इथे अजिबात नको, ती अल्कधर्मी असते. ताजं शेण आणि कोंबडीखतही नको, दोन्हींत क्षार बरेच. तबेल्यातून आणायचं तर वर्षभर कुजलेलं, काळं, भुसभुशीत, वास नसलेलं बघून आणा.

घोडबंदरकर – १८ डिसेंबर

आता माझा प्रश्न. बाल्कनी दक्षिणेकडे तोंड करून, चार फूट खोल. सध्या दिवसभर इतकं सुंदर ऊन आहे की फेब्रुवारीत टोमॅटो, मिरची, काकडी सगळं तिथे लावायचं ठरवलंय. कोकोपीटच्या विटा मागवल्यात. गेल्या वर्षीही असंच लावलं होतं, पण एप्रिलपर्यंत सगळं लांबुडकं, फिकट झालं. खत कमी पडलं असेल का?

येऊर_पायथा – १८ डिसेंबर

दादा, खत नाही, ऊन कमी पडलं. ही चूक इतक्या जणांची होते की जरा सविस्तर लिहितो.

ठाणं साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर. म्हणून ऊन तिरपं होऊन बाल्कनीत आणि पुढे हॉलमध्येही शिरतं. २१ मार्चला तोच सूर्य ७१ अंशांवर जातो. एप्रिलच्या मध्याला ८० अंश. मेच्या मध्याला तर तो बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस.

आता तुमच्या वरच्या मजल्याचा स्लॅब नऊ फुटांवर धरू. आज दुपारी ऊन स्लॅबच्या कडेपासून आत आठ फूट पोचतंय, म्हणजे सगळी बाल्कनी उन्हात. मार्चमध्ये तीन फूट. एप्रिलच्या मध्याला दीड फूट. मेच्या मध्यानंतर दुपारचं ऊन आत येणारच नाही. जी जागा आज सगळ्यात उजळ दिसतेय, तीच एप्रिलमध्ये सावलीत असेल. थंडीतलं ऊन बघून उन्हाळ्याची बाग आखायची नाही.

उत्तरेच्या बाल्कनीत नेमकं उलटं होतं. आत्ता तिथे एक किरण नाही म्हणून लोक ती रिकामी ठेवतात, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तिथेच पडतं.

मी काय करतो ते सांगतो. दर महिन्याच्या एक तारखेला दुपारी साडेबाराला बाल्कनीच्या लादीवर ऊन जिथवर येतं तिथे खडूने रेघ मारतो आणि बाजूला महिना लिहितो. पुसली गेली तर परत काढतो. मग कुठली कुंडी कुठे ठेवायची ते लादीच सांगते. तुम्ही १ जानेवारीपासून सुरू करा. काकडी, मिरची कठड्याला अगदी लागून आणि उंच स्टँडवर ठेवा. आतल्या बाजूला पुदिना, अळू, ओवा. त्यांना एप्रिलची सावली मानवते.

घोडबंदरकर – १८ डिसेंबर

हे वाचून थक्क झालो. बारा वर्षं त्या बाल्कनीत उभा राहतोय, पण ऊन मागे मागे सरकतं हे कधी पाहिलंच नाही. कोकोपीट मातीसारखं सरळ वापरू का?

येऊर_पायथा – १९ डिसेंबर

नाही, आधी धुवा. बऱ्याच ठिकाणी नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजवून काथ्या काढतात, तो खार भुशात, म्हणजे कोकोपीटमध्ये, उतरतो. पाच किलोची वीट भिजली की सत्तर-पंचाहत्तर लिटर होते. ती गोणीत भरून दोन-तीन वेळा पाणी ओतून निथळू द्या. आणि त्यात अन्न काहीच नसतं, तेव्हा एकतृतीयांशाहून जास्त नको.

कळव्याची_गच्ची – २० डिसेंबर

आमची सोसायटी गच्चीवर वाफे करायला तयार झालीय. अबोलीताईंसारखा नऊ इंची वाफा गच्चीवर चालेल?

रानजाई – २० डिसेंबर

थांबा, हे जपून करा. लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीचा हिशेब आपल्याकडच्या बांधकाम मानकांत एका चौरस मीटरला साधारण १५० किलो एवढ्या भारासाठी धरतात. भिजलेली माती एका घनमीटरला सोळाशे किलोच्या वर जाते. म्हणजे चार इंचांचा नुसता मातीचा थर घातला तरी तेवढा भार होतो, नऊ इंच तर दूरच. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय वाफा घालूच नका.

प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने (प्रयोगशील शेतकऱ्यांचा गट) मातीऐवजी काडीकचऱ्यावर भर दिला, त्यामागचा विचार गच्चीला फार लागू पडतो. उसाची चिपाडं, सुकी पानं आणि कंपोस्ट, माती फक्त मूठ दोन मूठ. ग्रो बॅग तुळयांच्या वर, भिंतींच्या कडेने ठेवा, गच्चीच्या मधोमध नको. खाली विटा, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि कोबा भिजत राहणार नाही.

कळव्याची_गच्ची – २० डिसेंबर

समजलं. सभेत हेच मांडते. वेळेवर सांगितलंत.

अबोली_नेरूळ – २७ डिसेंबर

ताजी खबर. ढीग रचला! पानं कशी मिळाली ते सांगते. आमच्या रस्त्यावर बदाम आणि पर्जन्यवृक्षांची रांग आहे. सकाळी झाडणाऱ्या ताई पानांचे ढीग करतात आणि पलीकडच्या एका सोसायटीत ते कोपऱ्यात पेटवले जातात. धुराने माझ्या मुलाचा खोकला दर थंडीत वाढतो. मी त्या झाडणाऱ्या ताईंना चहा दिला आणि म्हटलं, पानं मला द्याल? त्यांनी दुसऱ्याच दिवशी सहा गोण्या दारात आणून ठेवल्या. म्हणाल्या, "मला तरी कुठे आवडतोय धूर, पन टाकू कुठे?"

आता त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटायला जाणार आहे. जाळणं चूक आहे हे कुठल्या आधारावर सांगू?

येऊर_पायथा – २७ डिसेंबर

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली होती, आणि बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायचा असंही म्हटलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. पण आधी तुम्ही पानं न्यायला तयार आहात हेच सांगा. बहुतेकांना पानांचं करायचं काय हाच प्रश्न असतो.

मृगाचा_किडा – २ जानेवारी

थोडं वेगळं. दिवाळीनंतरचे टोमॅटो काढले, मुळांवर साबुदाण्यासारख्या गाठी आहेत. कडधान्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात म्हणतात, तसलंच चांगलं काही आहे का? त्याच मातीत भेंडी लावायचीय.

रानजाई – २ जानेवारी

टोमॅटो कडधान्यातला नाही, त्यामुळे त्या नत्राच्या गाठी नव्हेत. ओळखायची खूण सांगते. वाल-चवळीच्या मुळाची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, नखाने सहज निघते, फोडली तर आत गुलाबी. तुमची गाठ निघणार नाही, कारण मूळच तिथे सुजलेलं असतं. हे सूत्रकृमींचं काम, मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमींचं. त्या मातीत भेंडी, वांगी, काकडी काहीच नको, सगळी त्यांच्या आवडीची. मुळं वेचून काढा, कंपोस्टात टाकू नका. कुंडीत निंबोळी पेंड मिसळा आणि झेंडू लावून तीन महिने वाढू द्या. एप्रिल-मेमध्ये माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात तापवा. हे थंडीत होत नाही, आपलं जानेवारीचं ऊन तेवढं कडक नसतं.

अबोली_नेरूळ – ९ जानेवारी

आज सकाळी साडेसहाला ढीग उघडला आणि वाफ निघाली! बाहेर गारवा होता, मी शाल घेतलेली, आणि हात आत घातला तर चटका बसेल इतकं गरम. मुलाला उठवून दाखवलं. तो शाळेची वेळ होईपर्यंत तिथून हलेना. वास ओल्या जंगलासारखा. रानजाईताई, तुमचे आभार कसे मानू.

सेक्रेटरी काका भेटले. पानं जाळणं बंद, गोण्या आमच्याकडे येतात. मला ठेवायला जागा नाही म्हणून निम्म्या त्यांच्याच आवारात खड्ड्यात जातायत.

आजोळ – ९ जानेवारी

अबोली, वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. निर्माल्यही त्यात घाल, मात्र दोरे, सुतळ्या, प्लास्टिकचे हार काढून.

अबोली_नेरूळ – २१ जानेवारी

वाफा भरला. सोडणं, पानं, वर चाळलेली माती आणि कंपोस्ट. पण कंपोस्टला चार आठवडेही झाले नाहीत. अजून थोडे देठ दिसतात. पेरू का थांबू?

रानजाई – २१ जानेवारी

मेथीला विचारा. त्याच वाफ्याच्या कोपऱ्यात मूठभर मेथी टाका. समुद्र मेथी बाजारात बघता ना, वाळूत दाट पेरून दोन आठवड्यांत उपटलेल्या छोट्या जुड्या? तशीच दाट. चार-पाच दिवसांत सारखी, हिरवी उगवली तर मातीत खारही नाही आणि कच्चं खतही नाही. उगवलीच नाही किंवा टोकं जळाली तर दोन आठवडे थांबायचं. उगवली तर भाजीची एक जुडीही मिळते.

अबोली_नेरूळ – २७ जानेवारी

मेथी हिरवीगार! काल भेंडी टोकली. बी रात्रभर भिजवलं, कारण सकाळी अजून गारवा आहे. दोन बियांत एक फूट अंतर, 'परभणी क्रांती'. उत्तरेच्या कडेला काकडी आणि कारल्याची आळी, कारलं दापोलीच्या विद्यापीठाचं 'कोकण तारा'. वेल उत्तरेला अशासाठी की त्यांच्या मांडवाची सावली भेंडीवर पडू नये.

खाजण – २७ जानेवारी

जात चांगली निवडलीत. भेंडीवरचा हळद्या, म्हणजे पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा रोग, पांढरी माशी पसरवते, आणि उन्हं चढली की ती वाढते. एखादं झाड पिवळं दिसलं तर वाट न बघता उपटा.

अबोली_नेरूळ – १० फेब्रुवारी

चोवीसपैकी एकोणीस भेंड्या उगवल्या. रोज मोजते.

घोडबंदरकर – १ मार्च

तीन रेघा झाल्या लादीवर. जानेवारीची पार हॉलमध्ये, फेब्रुवारीची तिच्या बरीच अलीकडे, आणि आजची हॉलच्या दाराजवळ. मिरच्या कठड्याला हलवल्या. येऊर दादा, तुमच्यामुळे यंदा झाडं वाचली.

अबोली_नेरूळ – १२ मार्च

काकडीला आठवडाभर फुलं येतायत आणि गळतायत. परत तेच होणार का, अशी धाकधूक वाटतेय.

रानजाई – १२ मार्च

घाबरू नका. पहिली फुलं नरच असतात. फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काटेरी काकडी दिसली की ती मादी. ती चार-आठ दिवसांत दिसेल. मधमाश्या नसतील तर सकाळी आठच्या आत नर फूल तोडून तिच्यावर हलकेच फिरवा.

अबोली_नेरूळ – १९ मार्च

दोन बातम्या. मादी फूल दिसलं. आणि आज सकाळी अकरा भेंड्या तोडल्या, कोवळ्या, मोडताना टक् आवाज येणाऱ्या. सासूबाईंच्या फोटोसमोर ताटलीत ठेवल्या आणि मग केली भाजी.

वाफ्याच्या बाहेरचा जो तुकडा मी तसाच उघडा ठेवला होता, तिथे परत पांढरा पापुद्रा आलाय. वाफ्यात मात्र पानं बाजूला करून पाहिलं, माती काळी, ओली, आणि दोन गांडुळं. त्या उघड्या तुकड्याचं पावसाआधी काय करू? पुढच्या थंडीत तिथे दुसरा वाफा करायचाय.

खाजण – १९ मार्च

आज पानं पसरून झाका. मग पहिल्या पावसाबरोबर धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरा. ताग नाही, धैंचाच, तो खारी आणि पाणथळ जमीन दोन्ही सोसतो. मुळं खोल जाऊन तो दाबलेला मुरूम सैल करतील, पाऊस त्या वाटेने खार खाली नेईल. दीड महिन्याने, फुलं यायच्या आत, कापून तिथेच गाडा.

अबोली_नेरूळ – १९ मार्च

धैंच्याचं बी नवी मुंबईत कुठे मिळेल? नर्सरीत विचारलं तर त्यांना नावच माहीत नाही.

खाजण – २० मार्च

माझ्याकडे पाव किलो आहे, तुम्हाला मूठभर पुरे. पुढच्या रविवारी नेरूळला भावाकडे येतोय, घेऊन येतो. बदल्यात अळूचा एक कंद ठेवा, त्याच कोपऱ्यातला उरला असेल तर.